अब्बांनी धुतलेला कॅन

माझे वडील कल्हई करतात. साताऱ्यात आता घरची भांडी कुणी कल्हईला देत नाही, सगळीकडे स्टील. पण लग्नाचे आचारी आपली मोठी तांब्याची पातेली अजून अब्बांकडेच आणतात. त्या पातेल्यांवर मी बी.कॉम. झाले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे मी जिथे संधी मिळेल तिथे सांगते.

दोन वर्षांपूर्वी अब्बांची उजवी किडनी काढली. तिच्यात कॅन्सर होता. त्यानंतर ते बरे होते, पुन्हा भट्टीवर बसायला लागले होते. यंदाच्या तपासणीत सांगलीच्या डॉक्टरांना स्कॅनमध्ये डाव्या किडनीच्या वर एक गाठ दिसली. तिथे अधिवृक्क नावाची छोटीशी ग्रंथी असते. डॉक्टर सरळ बोलले. "जुना आजार तिथे पोचलाय की गाठ वेगळीच आहे, हे नुसतं बघून कळणार नाही. सुईनं तुकडा काढावा लागेल, म्हणजे बायोप्सी."

बाहेर आल्यावर अब्बा मला म्हणाले, "रिपोर्ट आला की आधी तू वाचायचा आणि मला सांगायचा. हाय तसा. तुला शिकवलं ते त्याच्यासाठीच समज."

घरी अम्मीनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "वाईट निघालं तर त्यांना सांगू नकोस. गेल्या वेळी ऐकून जेवण सोडलं होतं त्यांनी." मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही.

सुई लगेच टोचत नाहीत, हे आम्हाला माहीत नव्हतं. या ग्रंथीची एक गाठ अशी असते, की तिला सुई लागली तर रक्तदाब एकदम भडकतो, माणूस टेबलावरच जायचा. अब्बांचं बीपी तसंही वरखाली होत होतं. म्हणून ती गाठ तसली नाही ना, हे आधी पाहायचं. त्यासाठी दिवसभराची आणि रात्रीची सगळी लघवी एका कॅनमध्ये साठवून आणायची होती. लॅबमधल्या बाईंनी कॅन देताना बजावलं, "आत थोडं ॲसिड आहे. हात लावू नका." अब्बांनी मान डोलावली. साताऱ्याला येईपर्यंत एसटीत कॅन मांडीवर होता.

भरलेला कॅन घेऊन आम्ही परत सांगलीला गेलो. काउंटरवर ठेवताना अब्बा बाईंना म्हणाले, "ताई, तुमच्या कॅनात ॲसिड राहिलं हुतं. मी गरम पाण्यानं तीनदा धुतला. आता वास बी न्हाई."

बाईंनी कॅनकडे पाहिलं, मग अब्बांकडे. "आवं चाचा, ते मुद्दाम घातलं होतं! त्याच्याशिवाय तपासणीच होत नाही."

"मुद्दाम?" अब्बांना पटेना. "आमच्या धंद्यात ॲसिडनं भांडं साफ करायचं आन् मग धुवायचं. ॲसिड राहिलं तर कथील धरत न्हाई. दुकानातल्या पोरानं असं भांडं दिलं असतं तर कानाखाली वाजवली असती मी."

बाई हसल्या. मीही हसले. अब्बा हसले नाहीत. चाळीस वर्षं ज्या हातांनी एकही भांडं न धुता पुढं सोडलं नाही, त्या हातांचं काम चुकलं होतं. दुसरा कॅन मिळाला. या खेपेला ते त्याचं झाकणसुद्धा अगदी हलक्या हातानं उघडायचे.

तपासणी नॉर्मल आली. अम्मीनं शेजारी साखर वाटली. डॉक्टर मात्र हसले नाहीत. "आता सुई घालायला धोका कमी," एवढंच म्हणाले. परतीच्या एसटीत माझ्या लक्षात आलं, की ती बीपी भडकवणारी गाठ असती तर ऑपरेशन करून विषय संपण्याची शक्यता होती. नॉर्मल आलं, म्हणजे जुन्या आजाराची शंका उलट वाढली. हे मी अम्मीला सांगितलं नाही.

अब्बा रोज घ्यायचे ती रक्त पातळ करायची गोळी डॉक्टरांनी आधीच बंद करायला लावली होती. बायोप्सीला उपाशीपोटी बोलावलं. मला बाहेर बसवलं. आतलं अब्बांनी नंतर सांगितलं. पालथं झोपवून स्कॅनच्या मशीनमध्ये सरकवलं. पाठीत भूल दिली, तेव्हा मुंगळा चावल्यासारखं झणझणलं. मग नुसता दाब, आणि स्टेपलर मारल्यासारखा आवाज. तसा काही वेळा. दर वेळी श्वास तेवढाच भरून रोखायला सांगायचे, नाहीतर गाठ जागेवरून हलते. "डॉक्टर म्हणला, चाचा, तुमी श्वास लय बेतानं घेता. म्हटलं, जन्मभर भाता मारलाय, वारं किती भरायचं ते कळतं मला."

नंतर त्यांना काही तास पडून राहायला लावलं. नर्स सारखी बीपी बघायची, लघवीत रक्त आलं का विचारायची. पाठ दुखत होती, पण गोळीनं थांबण्याइतकी. संध्याकाळी सोडलं. काही दिवस वजन उचलायचं नाही, म्हणून आचाऱ्याची पातेली तशीच पडून राहिली.

रिपोर्ट आणायला मी एकटी गेले आणि तो डॉक्टरांसमोर बसून वाचला. येताना एसटीत अम्मीचं बोलणं आठवत होतं, आणि अब्बांचंही.

अब्बा दुकानात थंड भट्टीसमोर बसले होते. मला बघून म्हणाले, "वाच."

मी इंग्रजी वाचलं आणि मराठीत सांगितलं. काढलेल्या किडनीतलाच आजार आहे, तो त्या ग्रंथीत गेलाय.

"म्हंजी जुनंच."

"हो अब्बा. पण गाठ एकच आहे. डॉक्टर म्हणतात इलाज आहे, पुढच्या आठवड्यात बोलावलंय."

त्यांनी कागद मागून घेतला. त्यांना इंग्रजी येत नाही; तरी वरपासून खालपर्यंत पाहिला, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"तुझ्या अम्मीनं सांगू नको म्हटलं हुतं ना?"

मी थंड भट्टीकडे पाहिलं.

"मला ठावं हुतं." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "तू हितंच बस जरा. तिला मी सांगतो."

आणि दुकानामागच्या दारानं ते घरात गेले.