सोलापूरचं म्हणून काढलेलं चित्र

सोलापूर स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी बाबा खिडकीशी आले आणि म्हणाले, "जमलं नाही तर परत ये. लाजायचं नाही." आई शेंगाचटणीचा डबा तिसऱ्यांदा बांधत होती. चेन्नईत अण्णा नगरला नोकरी लागली होती, आणि दोन वर्षांत परत येते असं मी गावभर सांगून बसले होते. त्याला अकरा वर्षं झाली. दर दिवाळीला तुम्ही गल्लीतले सगळे विचारता, "मग, कायमची कधी येतेस?" मी दर दिवाळीला "पुढच्या वर्षी" म्हणते. आज खरं काय ते लिहिते. माझ्यासारखे जे गाव सोडून गेलेत त्यांनीही वाचावं, कारण तेही असंच काहीतरी ठोकून देत असणार.

राहायला वेस्ट मांबलममध्ये जागा मिळाली. पाचव्या दिवशी सकाळी शेजारच्या अंबुजाबाई हळूच आत आल्या. त्या तंजावरकडच्या मराठी, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलुखात राहिलेल्या. हातात रसमभाताचा डबा आणि चेहरा उतरलेला.

"अगो, घरांत कोण गेलं कां?"

मी दचकलेच. "नाही हो! का?"

"दाराफुडे चार दिवस कोलम नाहीं. म्हणून विचारतें."

इथे रोज पहाटे दारासमोर तांदळाच्या पिठाची रांगोळी पडते. नाही पडली तर त्या घरात सुतक आहे असं समजायचं. आमच्याकडे रांगोळी सणावाराला, तीही ताईच्या हातची. कोणी गेलेलं नाही हे कळल्यावर अंबुजाबाई इतक्या हसल्या की डबा मलाच धरावा लागला. भातही मीच खाल्ला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला दारात वाकायला लावलं. आधी ठिपके, मग त्यांच्याभोवती फिरणारी रेघ, आणि रेघ पुरी होईपर्यंत थांबायचं नाही. मी मध्येच अडखळले की म्हणायच्या, "विचार करूं नको गो. हाताला ठाऊक असतें."

यंदा बाबांची पंचाहत्तरी. त्यांना आपल्या गल्लीचं चित्र द्यायचं म्हणून मी मोठा कॅनव्हास आणला. कॉलेजात मी बरी चित्रं काढायचे, इथे येऊन एकही काढलं नव्हतं. रंगांची पेटी माळ्यावरच होती. उघडली तर परत जाताना पुन्हा कुठे बांधत बसायचं! पेन्सिलीने गल्ली काढली, खोडली, पुन्हा काढली. समोरच्यांचं दार हिरवं होतं की निळं, ते काही केल्या आठवेना. तुम्हाला विचारायची लाज वाटली. शेवटी पेन्सिल ठेवली आणि हात जाईल तिकडे जाऊ दिला.

दोन रविवार मी रंगवत होते. हळदीचा एक भलामोठा पिवळा आला, त्याला घासून ओल्या सिमेंटचा राखाडी. अबोलीचा केशरी कोपऱ्यात ठेवला तर तो मध्यभागी सरकला. कॉफीचा तपकिरी ओघळला, तो तसाच राहू दिला. डावीकडून उजवीकडे चढत जाणारी जाड, गजबजलेली एक रेघ आली. घर नाही, माणूस नाही, झाड नाही. सोलापूर असं आतून उतरलंय, अशी मी स्वतःची समजूत घातली.

अंबुजाबाई पाहायला आल्या. चष्मा पुसला, मागे सरल्या. "ऐयो, हें आपलें मांबलम् नाहीं कां? हा स्टेशनचा पूल. ही पायरीवरली फूलवाली." मी पुन्हा पाहिलं. त्या म्हणत होत्या ते खरं होतं. सोलापूरचा एक ठिपकासुद्धा नव्हता. आणि खरं सांगू, मला वाईट वाटलं नाही. अकरा वर्षं उचललेलं काहीतरी खाली ठेवल्यासारखं हलकं वाटलं. भीती फक्त बाबांची होती.

हिंमत करून फोन लावला. "बाबा, चित्र आपल्या गल्लीचं नाही झालं. इकडचंच झालंय. आणि मला वाटतं... मी नाही येणार परत. जमलं मला इथं."

बाबांच्या मागे कुकरची शिट्टी झाली.

"बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले. "मग तुझ्या खोलीत आईचं शिवणयंत्र हलवू का? तिथं उजेड चांगला आहे."

म्हणजे अकरा वर्षं आई स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात डोळे बारीक करून सुई ओवत होती, माझी खोली मोकळी राहावी म्हणून. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणत मी त्यांनाही लटकत ठेवलं होतं. "आजच हलवा," मी म्हटलं आणि रडले. मागून आई ओरडली, "अहो, आधी ती कॉट काढा!" इतका खुशीतला आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

चित्र बाबांनी तरीही मागवून घेतलं. वर कुठलं, खाली कुठलं कळेना म्हणून आडव्याचं उभं लावलंय. असू दे. सोलापूरला आले की आता मी पाहुण्यांच्या गादीवर झोपते. कोणी घर कुठलं विचारलं तर वेस्ट मांबलम सांगते, आणि सोलापूरला आई-बाबा असतात.