सकलेशपूर, व्हाया खर्रर्र

आधीच सांगते, ही पोस्ट वाचून कुणी सकलेशपूरला निघणार असेल तर उंच गाडी घेऊन जा. आम्ही गेलो ते बाबांच्या टू-सीटर स्पोर्ट्स कारने, जिचं पोट रस्त्याला जेमतेम चुकवतं. आणि गेलो ते कॉफीचे मळे बघायला नव्हे, एक आवाज शोधायला.

बाबा सरकारी कारखान्याच्या टेस्टिंग विभागातून निवृत्त झाले. सगळा जन्म यंत्रांचे दोष शोधण्यात गेला आणि निवृत्तीनंतर ही जुनी, मॅन्युअल गिअरची लाल गाडी घरात आली. आईच्या मते म्हातारचळ. गाडी बाबांशिवाय कुणी चालवायची नाही, हे घरात कुणी कधी बोललं नाही, पण सगळे पाळतात. गेले काही महिने गिअर टाकताना ती खर्रर्र करायला लागली होती, झोपेत कुणी करकरा दात खावेत तशी. आई-बाबांच्या घराजवळच्या, जे. पी. नगरमधल्या गॅरेजवाल्याने गिअरचं ऑइल बदललं, क्लचच्या लाइनमधली हवा काढली, शेवटी क्लचप्लेटही बदलली. आणि त्याच्या हातात गेली की गाडी एकदम गुणी बाळ.

"सर, आवाज तो नहीं आ रहा," तो म्हणे.

"इंजिन गरम झालं की येतो," बाबा म्हणत.

"सरी सर," म्हणजे बरं सर, असं म्हणून तो मान डोलवी. पांढऱ्या केसांच्या सरांना खोटं कोण पाडणार? मग त्याने सांगून टाकलं की सोमवारी गिअरबॉक्सच खोलू. बाबांना त्याचीच धास्ती. या गाडीचे पार्ट इथे मिळत नाहीत, एकदा उघडली की ती पुन्हा उभी राहील याची खात्री नाही. म्हणून त्याआधी लांब पळवून दोष आपणच शोधायचा, असं त्यांनी ठरवलं. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला राहते, आठवडाभर ऑफिसने पिळून काढलं होतं आणि मला फक्त झोपायचं होतं. आई फोनवर म्हणाली, "जा गं. एकटं सोडू नकोस त्यांना." गेले.

शनिवारी पहाटे निघूनही नेलमंगलापर्यंत रांगतच गेलो. त्यापुढे मात्र हासनपर्यंत रस्ता झकास, टोलनाके बरेच, फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा. मोकळा रस्ता लागला तसे बाबा खुलले.

"एकाच गिअरला आवाज आला तर त्या गिअरचं आतलं पितळी कडं झिजलं. सगळ्या गिअरना आला, रिव्हर्सलाही, तर क्लच नीट सुटत नाहीये. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की काही कळत नाही."

माझं काम, आवाज आला की "आला" म्हणायचं. दुसऱ्याला आला. तिसऱ्याला आला. मध्येच एकदा नाही आला, तर बाबांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. पुढच्या ट्रकमागे पुन्हा आला.

कुणिगलच्या पुढे तट्टे इडलीला थांबलो. ताटलीएवढी इडली, वर लोण्याचा गोळा, दोन खाल्ल्या तर दुपारचं जेवण विसरा. उतरताना बाबांनी डावा पाय दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवला. गाडी इतकी बुटकी की मीही जवळजवळ रांगतच बाहेर आले होते, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सकलेशपूरला होमस्टेचा शेवटचा रस्ता कच्चा. मालकीणबाईंनी, म्हणजे अक्कांनी, जीप पाठवली. आमची गाडी त्यांच्या दिरांच्या अंगणात कोंबड्यांच्या सोबतीला राहिली. गरम अक्की रोट्टी, म्हणजे तांदळाची भाकरी, आणि नारळाची चटणी खाऊन मी जी आडवी झाले ती थेट सकाळी उठले. व्ह्यू पॉइंटबद्दल विचारू नका, एकही पाहिला नाही.

रविवारी सकाळी मळ्यांमधल्या सुनसान रस्त्यावर टेस्ट. बाबांनी क्लच दाबला, थोडं थांबले आणि रिव्हर्स टाकला. खर्रर्र.

"म्हणजे क्लचच," ते म्हणाले. "पण क्लचचं तर सगळं नवीन आहे." थोडा वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसले. मग म्हणाले, "तू चालव. मी बाहेरून ऐकतो."

मी बसले तर गुडघे स्टिअरिंगला टेकले. सीट शेवटच्या खाचेपर्यंत पुढे ओढलेली. मी बाबांपेक्षा वीतभर बुटकी, तरी मला सीट मागे घ्यावी लागली. तेव्हाच कुणिगलला बाबांनी दोन्ही हातांनी उचललेला तो पाय आठवला. क्लच तळापर्यंत दाबला आणि रिव्हर्स टाकला. आवाज नाही. पुढे जाऊन आले, पहिला, दुसरा, तिसरा. लोण्यात सुरी.

"पुन्हा," बाबा म्हणाले.

पुन्हा तेच. मग ते स्वतः बसले, सीट पुढे घेतली, एक फेरी मारली. खर्रर्र, वळणापर्यंत ऐकू येत होतं. "आता परत तू."

या वेळी मी क्लच मुद्दाम अर्धाच दाबला. गिअर जोरात करकरला. मी खिडकीतून ओरडले, "आला बघा, बाबा! माझ्याकडूनही आला!"

बाबा सावकाश चालत खिडकीपाशी आले. "खोटं रीडिंग देऊ नकोस," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "अर्धा दाबलास. मला इथून कळतं."

मला रडू आलं. गिअरबॉक्स फुटला असता तरी चाललं असतं, असं अगदी मनापासून वाटलं. बाबा वळसा घालून पलीकडे गेले, दार उघडलं आणि शेजारच्या सीटवर बसले. या गाडीत त्यांना त्या बाजूला मी पहिल्यांदाच पाहत होते.

"गुडघा पूर्ण जात नाही खाली," ते समोर बघत म्हणाले. "सीट पुढे घेत गेलो. वाटलं, भागेल."

परतीचा सगळा रस्ता गाडी मी चालवली. चन्नरायपट्टणाला कॉफी घेतली. संध्याकाळी नेलमंगलाच्या गर्दीत तो जडशीळ क्लच दाबून दाबून माझी डावी मांडी थरथरायला लागली, आणि माझं वय बाबांच्या निम्मंच आहे.

सोमवारी बाबांनी माझ्यासमोरच गॅरेजला फोन लावला. मी रात्री आई-बाबांकडेच झोपले होते आणि ऑफिसला दांडी मारली होती.

"गिअरबॉक्स मत खोलना. गाडी में कुछ नहीं है."

"फिर आवाज, सर?"

"मेरा घुटना है."

"सरी सर," तो हळूच म्हणाला. "गाडी बेचना है क्या?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नको अशी मान हलवली. खरं तर दर रविवारी मारतहळ्ळीहून जे. पी. नगर गाठायचं या विचारानेच मी दमले होते.

"नहीं," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला. मग मला म्हणाले, "रविवारी लवकर ये. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना घाई करतेस तू."