फलकावरचा अध्यक्ष

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आमच्या चौकात दोन हजार सालच्या अमेरिकेच्या निवडणुकीचा विषय निघाला, की 'पेंटरनं तेव्हा कशी माती खाल्ली' असं कुणीतरी म्हणायचंच. सगळे हसायचे आणि मी चहाचा कप तोंडाला लावायचो. माती मी खाल्ली होती.

तालमीच्या भिंतीवर आमचा वार्ताफलक होता. पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि रोज सकाळी या फलकावर खडूनं बातम्या लिहायचे. वीस वर्षं, हौसेनं. त्यांचा एकच नियम होता, पेपरात आल्याशिवाय फलकावर नाही. दूध घेऊन परतणारी माणसं सायकलवरून एक पाय टेकवून वाचायची. 'फलकावर लागलंय' म्हटलं की चौकातला वाद मिटायचा.

मी हायस्कुलात इंग्रजी शिकवून नुकताच निवृत्त झालो होतो. घरी केबल होती, वेळ होता आणि त्या वर्षी अमेरिकेनं मला झपाटलं होतं. एका बाजूला तिथले उपाध्यक्ष, दुसऱ्या बाजूला एका राज्याचे गव्हर्नर. माझा जीव उपाध्यक्षांत अडकलेला. हा माणूस अभ्यास करून यायचा, मुद्दा नीट समजावून सांगायचा आणि लोकांना कंटाळवाणा वाटायचा. तीस वर्षं वर्गात माझं दुसरं काय झालं होतं? तो निवडून आला तर मीच पास होणार होतो.

तालमीच्या कट्ट्यावर मी रोज शिकवणी घ्यायचो.

"सर, जास्त मतं पडून बी माणूस हरतो म्हंजे काय?"

"तिथं राज्यवार हिशेब असतो."

"मग आपल्या साखर कारखान्यागत की! गटवार!"

"आणि फ्लोरिडा?" मी विचारलं.

"त्यो आपल्या कारखान्याचा कागल गट समजा. तिथं हरला, त्यो बुडला."

एवढं सोपं मलाही सांगता आलं नव्हतं.

मतदान तिकडं रात्री संपलं, तेव्हा आमच्याकडं सकाळ होती. साडेसहाच्या सुमारास टीव्हीवर फ्लोरिडा उपाध्यक्षांच्या नावावर लागला. मी देवघरातली गुलालाची पुडी खिशात घातली आणि चौकात जवळजवळ पळतच गेलो. पेंटर पाणीपुरवठ्याची बातमी लिहीत होते.

"पेंटर, पुसा ते! आपला माणूस आला!"

"पेपरात हाय?"

"पेपरात उद्या येईल. टीव्हीवर सांगितलंय, फ्लोरिडा घेतला."

"मग उद्या लिवू की. अमेरिका कुठं पळून जातीया?"

"अहो, सगळ्या कोल्हापुरात आपला फलक पहिला असेल! माझ्यावर विश्वास नाही का?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग पाणीपुरवठा पुसला आणि मोठ्या, वळणदार अक्षरात लिहिलं: अमेरिकेचे उपाध्यक्ष आता अध्यक्ष. मी गुलाल उधळला. कुणीतरी हलगी आणली. मिसळीच्या गाड्यावरची माणसं हातातला पाव घेऊन बघायला आली. आयुष्यात इतका आनंद मला फार थोड्या वेळा झाला असेल.

घरी येऊन टीव्ही लावला. साडेआठला वाहिनीनं फ्लोरिडा परत घेतला. अजून सांगता येत नाही म्हणे.

मी चपला घातल्या. दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. थोड्या वेळात आपलंच होईल, मग कशाला पुसायचं, असं मनाशी म्हटलं आणि राज्यांचे आकडे वहीत मांडत बसलो. एकेक राज्य आपल्याकडं आलं की मांडीवर थाप मारायचो. दुपारी पाऊणच्या पुढं गव्हर्नर निवडून आल्याचं जाहीर झालं, तेव्हा उठलो.

फलकापुढं गर्दी होती. माझ्या आधीच बातमी पोचली होती.

"काय पेंटर, अमेरिकेला फोन लावलाता व्हय?"

"गुलाल गोळा करा आता, पुढल्या इलेक्शनला हुईल!"

"पर सांगितलं कुणी तुमाला?"

पेंटरांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. "माझंच चुकलं," म्हणाले.

आणि मी, ज्याच्या सदऱ्यावर अजून गुलाल होता, तो म्हणालो, "घाई नको करायला पाहिजे होती, पेंटर."

दीडेक तासात तोही निकाल मागं घेतला गेला. कुणीच निवडून आलेलं नव्हतं. मी पुन्हा पळत गेलो. फलक पुसून कोरा केलेला, खडूचा डबा तालमीच्या खिडकीत. पेंटर परत फलकाला शिवले नाहीत.

आठ वर्षांनी, अमेरिकेच्याच पुढच्या एका निवडणुकीच्या निकालादिवशी, मी कागलला त्यांच्या मुलीकडं गेलो. पेंटर तिथं राहायला गेले होते, उजवा हात थरथरायचा. उपाध्यक्षांच्याच पक्षाचा माणूस जिंकला होता आणि टीव्हीवर शिकागोतली गर्दी नाचत, रडत होती. आम्हा दोघांनाही आनंदानं जागेवर बसवेना.

"सर, आता तरी पक्कं हाय न्हवं?" त्यांनी डोळे मिचकावून विचारलं.

"पक्कं आहे."

"तरीबी उद्याचा पेपर बघू."

दोघं खूप हसलो. मुलीनं चहा आणला. मी बोलायला तोंड उघडलं आणि त्यांच्या तब्येतीची चौकशी केली. एसटीच्या वेळेला उठलो. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

त्या दिवशी एवढंच म्हणायचं होतं: पेंटर, मला साडेआठलाच कळलं होतं. चौक पाच मिनिटांवर होता. मी आलो नाही. मला माफ करा.