यानातला मागचा पोरगा

वलगावच्या मनकर्णाबाईंना ग्रह-ताऱ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. झेंडू आणि शेवंती एवढंच त्यांचं जग. सकाळी तोडणी, मग अमरावतीचा बाजार, आणि संध्याकाळी उरल्या फुलांचे हार. तरी सात वाजले की बाई सुई-दोरा घेऊन टीव्हीपुढं बसायच्या आणि 'नक्षत्रयान' सुरू व्हायच्या आत घरातल्या सगळ्यांना गप्प करायच्या. सगळे म्हणजे एकटा नवरा, शालिकराम. तो तसाही बोलत नसे.

मालिका हिंदी होती. पृथ्वी संपली आहे आणि उरलेली माणसं एका भल्यामोठ्या यानात बसून नवं घर शोधताहेत, अशी काहीतरी भानगड. सगळा देश त्या यानाच्या कप्तानीणबाईवर फिदा होता. मनकर्णाबाईंना मात्र ती मधे मधे येते म्हणून तिचा राग यायचा. कारण तिच्या मागं, डाव्या अंगाला, राखाडी कपड्यांत एक पोरगा बटणं दाबत उभा असायचा. त्याला नाव नव्हतं, की तोंडी एक वाक्य नव्हतं. तो बाईंचा मनोज होता.

मनोज नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात लागला होता. ती नोकरी लाथाडून तो नट व्हायला मुंबईला निघाला, तेव्हा शालिकराम दारात आडवा उभा राहिला आणि म्हणाला, "गेला तर माह्यासाठी मेला तू." रागात बाप काय वाट्टेल ते बोलतो, पण हट्टात पोरगाही बापाचाच. त्यानं तो शब्द धरून ठेवला. फोनचा नंबर बदलला. शोधायला गेलेला मावसभाऊ हात हलवत परत आला. पोरगा आहे की नाही, हेही कळेना. असा बराच काळ गेला आणि एका संध्याकाळी हार ओवता ओवता बाईंनी मान वर केली, तर पडद्यावर मनोज. विचारात पडला की कान चोळायची सवय लहानपणापासूनची. यानातही तो कान चोळत होता. बाईंच्या बोटात सुई घुसली ते त्यांना उशिरा समजलं.

तेव्हापासून तो दिसला की बाईंना अन्न गोड लागायचं. "आज तोंड उतरलं वं त्याचं," असं त्या स्वतःशीच म्हणत. शालिकराम ओसरीवर टीव्हीकडं पाठ करून बसायचा. पण मालिकेच्या वेळी लाइट गेली, की खांबाकडं बघायला पहिल्यांदा तोच उठायचा.

मग ती बातमी आली. शेजारची सून वर्षाली फोन हातात घेऊन आली.

"मावशी, नक्षत्रयान बंद होनार म्हनते."

"कोन म्हनते?"

"सारेच म्हनून राह्यले. लय खर्च लागते म्हने त्याले."

बाईंच्या हातातली शेवंती हातातच राहिली. पुढं रोज नवी आवई. कोणी म्हणे दिवाळीनंतर बंद, कोणी म्हणे याच महिन्यात. बाजारात हार घ्यायला आलेली कॉलेजची पोरं त्यावर मिटक्या मारत बोलायची, आणि बाई वजन करायचं विसरून ऐकत राहायच्या. त्या पोरांची करमणूक जाणार होती. यांचा पोरगा जाणार होता, दुसऱ्यांदा.

लोक टीव्हीवाल्यांना लिहून विनवण्या करताहेत, असं वर्षालीनं सांगितलं. "तुमीबी सांगा मावशी, मी लिहतो."

"लिही, यान चालू राहू द्या. अन् मागं उभा राह्यते तो पोरगा लय मन लावून काम करते."

वर्षालीनं फोनवर तसंच लिहिलं. त्याखाली कोणीतरी विचारलं, 'मागचा कोण?' आणि बाकीचे खिदळले. ते तिनं मावशीला वाचून दाखवलं नाही. बरंच केलं.

शेवटी बाई अंबादेवीला गेल्या. वाफ्यातली सगळ्यांत टपोरी शेवंती विकायची नाही म्हणून बाजूला काढली, तिचा घसघशीत हार केला आणि देवीपुढं पदर पसरला. "माय, हे मालिका बंद नको होऊ देऊ."

देवीनं ऐकलं. वर्षाली धावत आली. "मावशी, नाई होत बंद! आता वीस वर्सं पुढं जाते म्हने ते."

"मंजे मनोजचे केस पिकवतीन काय?" बाई हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या. त्या संध्याकाळी त्यांनी शिरा केला आणि ओसरीवर एक वाटी नेऊन ठेवली.

सात वाजले. यानाला आग लागली. सगळीकडं धूर, किंकाळ्या. कप्तानीणबाईनं आपली तान्ही लेक एका छोट्या यानात ठेवून पुढं धाडली. मग कॅमेरा हळूहळू जळक्या यानातून फिरला. फरशीवर माणसं पडली होती. डाव्या अंगाला मनोज पडला होता. तोंड उघडं, कानाजवळ रक्त, डोळे छताकडं.

खोटं आहे, रंग आहे, हे बाईंना कळत होतं. कळून काय करायचं? वीस वर्षांनंतरच्या गोष्टीत मेलेली माणसं येत नाहीत, एवढंही कळत होतं. देवीपुढं आपण मालिका मागून बसलो आणि पोरगा मागायचा राहूनच गेला, हे त्यांना तेव्हा उमगलं. त्यांनी पडद्याला हात लावला. काच गरम होती.

मागं वाटी पडल्याचा आवाज झाला. शालिकराम दारात उभा होता. त्याच दारात. पाठ नव्हे, तोंड टीव्हीकडं होतं. पडद्यावर 'बीस साल बाद' अशी अक्षरं उमटली, एक नवं कोरं यान आलं, त्यात नवी पोरं बटणं दाबू लागली.

"अवं," शालिकराम म्हणाला, "उठ म्हन त्याले."