उन्हाने प्यालेलं पाणी

पहिलीच्या वर्गात तासभर बसलं, की घरी जाताना किस्से ओच्यात मावत नाहीत! मी सातवीत. चिंचवडच्या आमच्या शाळेत पहिलीच्या बाईच दुसरीलाही शिकवतात. त्या तिकडे गेल्या, की पहिली माझ्याकडे.

यंदा बाईंनी मला 'पाण्याची वाफ' हा पाठ दिला. शाळा तपासायला दिपोटी साहेब येणार आणि त्यांच्यापुढे तो मीच घ्यायचा! बाबांनी तर अटच घातली, "साहेबांनी चांगलं म्हटलं, तर पुढे मास्तरणीच्या ट्रेनिंगला जा. नाहीतर सातवीनंतर घरी. चार माणसांत तोंड उघडत नाही, ती कसली मास्तरीण!"

*

पहिल्या दिवशी ओल्या फडक्याने पाटी पुसली आणि उन्हात धरली. वाळल्यावर विचारलं, "पाणी कुठं गेलं?"

गणू तर रडायलाच लागला. "आईशप्पत, म्या न्हाई घेतलं!"

*

मग म्हटलं, "कोणी घेतलं नाही. आपलं आपणच गेलं."

सुंदराचे वडील पिंपरीच्या कारखान्यात आहेत. ती म्हणाली, "मंग भोंगा झाला, की यील परत."

"आणि नाही आलं तर?"

"तर ओव्हरटाइम!"

*

ताटलीत पाणी ओतून मी कोळशाने खूण केली आणि ती उन्हात ठेवली. दुपारी बघते, तर पाणी खुणेच्या वर!

गणू हळूच म्हणाला, "कमी झालं व्हतं, ताई. बाई तुमाला रागावत्याल, म्हून भरून ठिवलं."

*

शेवटी सोपं करून सांगितलं, "ऊन पाणी पितं."

हे मात्र पटलं. पण गणूची शंका, "एवढं पितं, मंग शू कवा करतं?"

सुंदरा म्हणाली, "पावसाळ्यात!"

मी बाईंकडे धावले. बाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "तसं फार चुकलं नाही गं. पण साहेबांपुढे नको!"

मी सगळ्यांना शपथ घातली. तो शब्द तोंडातून काढायचा नाही!

*

तपासणीच्या दिवशी बाबा शिफ्ट बदलून व्हरांड्यात उभे. माझा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोचेना. अखेर साहेबांनीच वाळलेली पाटी उचलून विचारलं, "पाणी कुठं गेलं रे?"

"उन्हानं प्यालं!" सगळी पोरं ओरडली.

"वा! मग ते परत कसं येतं?"

अख्खा वर्ग माझ्याकडे बघू लागला. गणूने ओठ घट्ट मिटले आणि करंगळी वर केली.

साहेब म्हणाले, "जा बाळ, जाऊन ये."

गणू जागचा हलेना.

"मला न्हाई लागली, साहेब. उन्हाला!"

साहेब डोळे पुसत बाहेर आले. बाबांनी घाबरत विचारलं, "साहेब, पोरगी बोलली का?"

"पाठवा हिला ट्रेनिंगला. ही बोलत नाही, हिचा वर्ग बोलतो!"