फोटो दिसत नाही

माझा दादा मेलेला नव्हता. त्याच्याबद्दल आम्हाला एवढंच सांगता यायचं, आणि तेही अंदाजाने. बारावी झाल्यावर बाबांनी त्याला स्वतःच्याच कारखान्यात चिकटवायचं ठरवलं, त्याने नाही म्हटलं, दोघांची जुंपली आणि बाबा बोलून गेले, "परत या घरात पाऊल ठेवू नकोस." आमच्या चाळीत कुठल्या ना कुठल्या घरातून हे वाक्य कायम ऐकू यायचं आणि ज्याला ते म्हटलेलं असे तो मुलगा संध्याकाळी निमूटपणे जेवायला बसलेला दिसायचा. दादाने मात्र ते खरं केलं. मी तेव्हा नववीत होते.

आईने पेपरात जाहिरात दिली. 'जिथे असशील तिथून ये. आई आजारी आहे. कुणी काही बोलणार नाही.' आई ठणठणीत होती, पण अशा जाहिरातींमधली आई आजारीच असावी लागते. जाहिरातीच्या खाली 'आई-बाबा' असं घालायचं होतं. बाबा म्हणाले, "माझं नाव घालू नका." मग नुसतं 'आई' छापून आलं. त्या दिवसापासून बाबांनी दादाचा विषय काढला नाही आणि आमच्यापैकी कुणी काढला तर ते उठून गॅलरीत जायचे.

माणूस मेला की त्याचे दिवस घालतात, फोटोला हार घालतात, हळूहळू घर पुन्हा घरातल्यांचं होतं. आमचं तसं झालं नाही. अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर आमची चाळ, जिन्यावर दिवसभर पावलं वाजत. त्यातलं एखादं पाऊल ऐकून आई पोळी तव्यावर तशीच सोडून दारात जायची. बाजारात पाठमोऱ्या पोरांच्या माना बघायची. पुढे घरात फोन आला तेव्हा तर कहरच झाला. तेव्हा ब्लँक कॉल खूप यायचे. पलीकडून कुणी बोलायचं नाही, नुसती खरखर. इतर लोक शिव्या देऊन फोन आपटत. आई आपटायची नाही. त्या खरखरीला ती हळू आवाजात विचारायची, "जेवलास का?" मला दादाची भीती वाटत नसे, आईची वाटायची.

आणि मला त्याचा राग यायचा. सरळ सांगते, भयंकर राग यायचा. समोर बसलेल्या मुलीकडे बघायला कुणाला सवड नव्हती आणि जो नाही तो सगळ्या खोल्या अडवून बसला होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बी.कॉम. होऊन घरी बसले होते. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये एका कापडाच्या दुकानावर कॉम्प्युटर क्लास निघाला आणि 'वेबसाइट बनवायला शिका' अशी पाटी लागली. वेबसाइट म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं, पण टायपिंगला कंटाळले होते, म्हणून गेले. सर सिंधी होते, त्याआधी टीव्ही दुरुस्त करायचे. आतल्या खोलीत एसी, म्हणून चपला बाहेर काढायच्या. पंख्याखाली बाकीचे कॉम्प्युटर आणि एसीच्या खोलीत तो एकच, टेलिफोनची लाईन जोडलेला. आम्ही सगळे त्याला 'मोठं मशीन' म्हणायचो. आमची पानं शेवटी त्याच्यावरूनच बाहेरच्या जगात जायची आणि गेली की नाही हेही त्याच्यावरच बघायचं.

मला ते शिकणं आवडलं. वेबसाइट म्हणजे चित्रं काढायची असतील असं वाटलं होतं, प्रत्यक्षात निघालं लिहिणं. नोटपॅडवर साध्या अक्षरांत सांगायचं की इथे मथळा, इथे परिच्छेद, इथे ठळक. एक खूण करून सुरू करायचं आणि दुसरी खूण करून संपवायचं. संपवायचं विसरलं की पुढचं सगळं पान ठळक होऊन बसे. सर ओरडायचे, "खोला है तो बंद कौन करेगा, मैं?" आमच्या घरी जे कुणाला जमत नव्हतं ते मला इथे पटापट जमायला लागलं. त्या क्लासमध्ये माझ्या डोक्यात दादा नसायचा. तेवढे दोन तास माझे होते.

तेही गेले. चूक माझ्याच तोंडाची. एकदा जेवताना मी फुशारकीने बोलले, "आमचं पान जगात कुठूनही दिसतं." आईचा घास हातातच राहिला. ती म्हणाली, "कुठूनही?" झालं. माझं शिकणंसुद्धा दादाच्या नावावर चढलं.

बारवी धरणावर सहलीला गेलो होतो तेव्हाचा त्याचा एक फोटो होता. ओले केस, उन्हामुळे बारीक केलेले डोळे. फोटो स्टुडिओवाल्याकडून तो स्कॅन करून फ्लॉपीवर आणला आणि मोठ्या मशीनमध्ये उतरवला. मजकूर आईने सांगितला, तोच जाहिरातीतला. मराठी अक्षरं सगळीकडे उमटत नाहीत म्हणून मी तो इंग्रजी अक्षरांत लिहिला. खाली घरचा फोन नंबर आणि क्लासमध्ये उघडलेला माझा ई-मेलचा पत्ता.

फोटो पानात कसा बसवायचा हे सरांनी ज्या पद्धतीने शिकवलं, ती पद्धत उल्हासनगरचीच. निर्वासितांच्या छावण्यांतून उभं राहिलेलं ते गाव, तिथे पत्ता म्हणजे कॅम्प, सेक्शन, बॅरॅक, खोली, समोरचं दुकान, सगळं लिहावं लागतं. एक गोष्ट राहिली की पत्र परत. म्हणून सर सांगायचे, "फोटो का पूरा पता लिखो. अधूरे पते पे चिठ्ठी पहुँचती है क्या?" पूर्ण पत्ता म्हणजे मशीनच्या कुठल्या ड्राइव्हमध्ये, कुठल्या फोल्डरमध्ये, कुठल्या नावाने फोटो ठेवलाय ते सगळं. आख्खा क्लास तसंच लिहायचा. मीही लिहिलं, अगदी सुवाच्य.

पान वर चढलं त्या शनिवारी मी आईला घेऊन गेले. तिने ठेवणीतली साडी नेसली होती. चपला काढून ती एसीच्या खोलीत शिरली, आणि देवळाच्या गाभाऱ्यात उभी राहावी तशी मशीनपासून थोडी लांब उभी राहिली. सरांनी खुर्ची दिली, "बैठो अम्मा." मोडेम किंचाळला, पान उघडलं आणि दादा आला.

त्या काळी फोटो वरून खाली, पट्टी पट्टीने उतरायचे. सरांनी आईला नमुना म्हणून ताजमहाल दाखवला होता, त्याचा घुमट दिसून चहा पिऊन झाला तरी दरवाजा आला नव्हता. दादा मात्र क्षणात आला, पूर्णच्या पूर्ण. आई म्हणाली, "बघ, त्याला किती घाई आहे." सर हसले. मीही हसले, पण पाठीवरून काहीतरी गार सरकलं. एसी असेल.

मग दर शनिवारी आमची वारी सुरू झाली. आई पानासमोर बसायची, मी मेल उघडून बघायचे, काही नसायचं, आम्ही परत यायचो. कॅम्पातल्या गर्दीतून चालताना आई म्हणायची, "आत्ता या क्षणी कुणीतरी त्याला बघत असेल." मला वाटायचं, सगळ्या जगात आता त्याचे बारीक डोळे उघडे आहेत आणि ते सगळीकडून आमच्याकडे बघतायत. घरी आल्यावर बाबा काही विचारायचे नाहीत. ताट वाढलं की खाली मान घालून जेवायचे.

दिवाळी होऊन गेल्यावर एका शनिवारी मेल होता. पत्त्यात नाव नव्हतं, नुसती वेडीवाकडी अक्षरं आणि आकडे. मजकूर इंग्रजी अक्षरांत, पण मराठी. 'फोटो दिसत नाही.' एवढंच. खाली सही नाही.

मी ते आईला वाचून दाखवलं. आईने मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "तोच आहे."

"आई, कुणीही असेल."

"कुणी दुसरा कशाला विचारेल? आपला कुठला फोटो टाकलाय ते बघायचंय त्याला."

सर म्हणाले, "कैसे नहीं दिखता? ये देखो, दिख तो रहा है." आणि खरंच, मोठ्या मशीनवर दादा होता, ओल्या केसांसकट. पण माझी खात्री पटेना. बदलापूरला स्टेशनजवळ नवीन सायबर कॅफे निघाला होता. मी तिथे एकटी गेले आणि आमचं पान उघडलं. मथळा आला. 'जिथे असशील तिथून ये' आलं. दादाचं नाव आलं, आणि नावाच्या वर एक रिकामा चौकोन, त्याच्या कोपऱ्यात छोटी लाल फुली.

मी पानामागचं लिखाण उघडून ओळीओळीने वाचलं. मग हळूहळू समजलं. आम्ही लिहिलेला पूर्ण पत्ता त्या एका मशीनच्या पोटातला होता. बदलापूरचं मशीन स्वतःच्याच पोटात शोधत होतं, आणि तिथे दादा कुठून असणार? उल्हासनगरला तो इतक्या घाईने यायचा, कारण तो कुठूनच येत नव्हता, तो तिथेच होता. इतके महिने आम्ही ज्याला जगभर दाखवत होतो तो फक्त आम्हालाच दिसत होता. भुताच्या गोष्टीत असतं ना, घरच्यांना दिसतं आणि पाहुण्यांना नाही, तसं.

दुरुस्ती अगदी साधी होती. फोटोही पानाशेजारी वर चढवायचा आणि पत्त्याऐवजी नुसतं फोटोचं नाव लिहायचं. शेजाऱ्याला हाक मारायला कॅम्प नंबर लागत नाही. मी सरांना दाखवलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला आणि संपूर्ण क्लासची पानं काढून बसले. त्या दिवशी पहिल्यांदाच दादा पट्टी पट्टीने उतरला. केस, कपाळ, मग डोळे. आई खुर्ची पुढे ओढून बसली होती. हनुवटी आली तेव्हा म्हणाली, "आता खरा आला."

मी उत्तर पाठवलं. 'फोटो आता दिसेल. तुम्ही कोण?' आईने पुढे घालायला लावलं, 'जेवलास का?'

उत्तर आलं नाही. त्या शनिवारी नाही, पुढच्या नाही, संक्रांतीला नाही. मी वेगवेगळ्या तऱ्हेने लिहून पाठवलं, शेवटी रागाने लिहिलं, की असशील तर हो म्हण, नसशील तर नाही म्हण. काही नाही. आई पूर्वी शनिवारी खुशीत यायची, आता ती फोटोकडे संशयाने बघायला लागली. फाल्गुनात एकदा एसीच्या खोलीत तिने मला विचारलं, "हा फोटो काढता येईल का?"

"दुसरा लावायचाय?"

"नाही. काढ. आधी होतं तसं कर. दिसत नव्हता तेव्हा त्याने विचारलं. दिसला, मग विचारायचं कारणच काय राहिलं त्याला?"

माझा तोल गेला. सरांसमोरच मी ओरडले, "तो नव्हता आई! कुणीतरी होता!"

आई शांतपणे म्हणाली, "असेल. मग त्या कुणीतरीला परत विचारू दे."

मी फाइल उघडली आणि फोटोचं नाव पुसून त्या जागी तो जुना, पूर्ण, चुकीचा पत्ता लिहिला. वर चढवलेला फोटो काढून टाकला. एव्हाना मला पानं बरी बनवता यायला लागली होती, डोंबिवलीच्या एका ऑफिसात नोकरीचं बोलणं चाललं होतं, आणि मी माहीत असून बिघडवत होते. सर खोलीबाहेर निघून गेले.

त्या दिवशी घरी येऊन मी आईशी अबोला धरला. बाबांनी ताटातलं संपवलं, हात धुतला, आणि गॅलरीत जायच्या ऐवजी माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"काढलास फोटो?"

मी चपापून वर बघितलं. त्यांना हे सगळं माहीत होतं. आई सांगत होती की भिंतीतून ऐकत होते, कोण जाणे.

"काढला."

"निघाला का ते कुठे बघितलंस?"

"क्लासमध्ये. मोठ्या मशीनवर."

"तिथे बघून कसं कळणार? बाहेरून बघायला हवं." कारखान्याच्या तपासणी खात्यात जन्म गेला होता त्यांचा, माल पास करतानाचा तोच आवाज. मग म्हणाले, "उद्या मी येतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही बदलापूरला गेलो. सायबर कॅफेत त्यांनी दाराशी चपला काढल्या, तिथे काढायची गरज नव्हती तरी. मी पान उघडलं. दादाचं नाव आलं, वर रिकामा चौकोन आला, लाल फुली आली. बाबांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा चढवला आणि त्या चौकोनाकडे अगदी जवळून, बराच वेळ बघितलं. माझा दादा गेल्यापासून मी त्यांना त्याच्याकडे असं बघताना पाहिलं नव्हतं.

"हां," ते म्हणाले, "आता विचारेल."