कापसाच्या गाठींचं स्टेडियम

चहा निवला तर निवू द्या, पण माझा हा गाढवपणा आधी ऐकून घ्या. लोकांची कामं करता करता बिघडतात. मला काम असं मिळालं होतं की त्यात काहीच करायचं नव्हतं. आणि तेच मी बिघडवलं!

मी अकोल्यात ड्रिल मास्तर. चार माणसं एका जागी दिसली की त्यांची रांग करायची, हा माझा जुना रोग. दाराशी चपला वाकड्या दिसल्या तर मला घास गिळत नाही. लग्नाच्या पंगतीत वाढप्यांनासुद्धा मी "डावीकडून, डावीकडून!" म्हणून ओरडलोय. आमची बायको म्हणायची, "तुमी मेल्यावरबी उठून बससान आन् खांदेकऱ्यांले उंचीनं लावसान!"

गोष्ट आहे महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची. अकोला चहूकडून वाढत चाललं होतं. नव्या वस्त्या, नवे रस्ते, नवी दुकानं. आणि नगरपालिकेत वाद एकच, गावाला स्टेडियम बांधायचं की नाही?

नगराध्यक्ष भाऊसाहेब म्हणत, बांधायचंच. विरोधात होते गुलाबराव. आडदांड माणूस, आवाज असा की माईक लाजावा. दर सभेत उठायचे आणि एकच वाक्य टाकून खाली बसायचे. "नळाले पाणी नाही, आन् स्टेडियम काहाले पाह्यजे?"

आता खरं सांगायचं तर ते काही खोटं बोलत नव्हते. आमच्या गल्लीत नळ एकदा फिस्स करायचा आणि दोन दिवस झोपायचा. पण मी पक्का स्टेडियमवाला! कारण माझी हुतुतूची टीम. सगळे कापूस दाबून गाठी बांधणाऱ्या प्रेसमधले हमाल. दिवसभर गाठी उचलायच्या आणि संध्याकाळी मोर्णा नदीच्या काठी, प्रेसच्या कुंपणाला लागून असलेल्या मैदानात खेळायचं. मैदान कसलं हो! खडे, काचा आणि गोखरूचे काटे. कप्तान श्रावणचे गुडघे पाहिले असते तर तुमच्याच डोळ्यांत पाणी आलं असतं. तो म्हणायचा, "मास्तर, मले कप नको, ढाल नको. पडलो तर लागू नये इतली माती पाह्यजे फक्त."

तर सरकारनं ठरवलं, वऱ्हाडात स्टेडियमसाठी मदत एकाच गावाला. अकोला नाही तर अमरावती. पुण्याचे एक साहेब येऊन दोन्ही गावं पाहणार आणि कुठे गरज आहे ते लिहून देणार. यावर गुलाबरावसुद्धा सभेत म्हणाले, "साहेबानं गरज हाय म्हणलं, तर मीबी हात वर करतो. नाही म्हणलं, तर विषय खतम!"

भाऊसाहेबांनी मला घरी बोलावून दार लावलं.

"मास्तर, त्या दिवशी आपण अकोला-अमरावती सामना ठेवू. मानसं येतीन. धुळीत बसतीन, झाडावर चढतीन, एकमेकाच्या अंगावर पडतीन. साहेब आपल्या डोळ्यानं पाह्यतीन. समजलं?"

"समजलं. मी काय करू?"

"काहीच नाही."

"म्हणजे रांगा वगैरे...?"

"मास्तर, मी हात जोडतो तुम्हाले! तुमी काहीच करू नका. गोंधळ पाह्यजे आपल्याले, गोंधळ!"

"आणि शिट्टी?"

"घरी ठेवा!"

मी शब्द दिला. शिट्टी गळ्यात घातली नाही. खिशात ठेवली. खिशात ठेवू नका असं कुठे म्हणाले होते?

थंडीचे दिवस. सामना दुपारी चारला. मी आपला बाराच्या सुमाराला सहज चक्कर मारली. अहाहा, काय गोंधळ होता! बैलबंड्या आडव्यातिडव्या सोडलेल्या, बैल त्यांच्याच कडब्यावर बसलेले. कडुनिंबावर पानांपेक्षा पोट्टे जास्त. पानठेल्याच्या टपावर सातआठ जण, आणि ठेलेवाला खालून शिव्या देऊन राहिलेला. स्टेडियम मंजूर झाल्यातच जमा होतं. पण खरं सांगू? हात शिवशिवायला लागले. मी दोन्ही हात खिशात घातले, तर एका खिशात शिट्टी!

तेवढ्यात श्रावण आला. सोबत त्याचे म्हातारे वडील, काठी टेकत.

"जयभीम, मास्तर."

"जयभीम, श्रावण. काय, आज बाबांना आणलंस?"

"माह्या बुढ्यानं कधी माहा खेळ पाह्यला नाही ना, मास्तर. जिंदगीभर गाठी वाह्यल्या, गुडघे गेले त्याचे. उभं राहवत नाही. खाली बसला तर दिसत नाही. कुठी बसवू?"

आता तुम्हीच सांगा! मी काय म्हणायला पाहिजे होतं? बाबा, आज गोंधळ दाखवायचा आहे, तुम्ही घरी जा?

कुंपणाच्या आत गाठींची थप्पी होती. मालगाडीच्या वॅगनी आल्या नव्हत्या म्हणून पडून होती. प्रेसची गाठ म्हणजे बाहेरून तागाचं गोणपाट, वरून पत्र्याच्या पट्ट्या. दगडासारखी टणक, पण बसायला गादी. म्हटलं, एक गाठ आणा. एकच! चार जणांनी ती आणून मैदानाच्या कडेला टाकली. म्हातारेबुवा वर बसले. पोराकडे पाहून असे हसले की मला भरून आलं.

झालं! मागून ओरडा सुरू. "ओ बुढेबाबा, खाली सरका! आमाले दिसून नाही राह्यलं!"

आता म्हाताऱ्याला उठवायचं? छे! त्यापेक्षा मागच्यांना उंच करायचं. साधा न्याय आहे. पुढे एक गाठ, तर मागे दोन. त्यांच्या मागचे कोकलले, तर त्यांच्याखाली तीन. आणि एकाच बाजूला तीन पायऱ्या केल्या तर दुसरी बाजू उघडी दिसते हो! वाकडं दिसतं! शिट्टी तोंडात कशी आली ते देवाला ठाऊक. मी आपला वाजवत सुटलो.

प्रेसचे मुकादम धावत आले. "कोनाले इचारून हात लावला बे गाठींले?"

मी त्यांना दंडाला धरून तिसऱ्या पायरीवर मधोमध बसवलं. तिथून त्यांना मैदान असं दिसलं की तेच ओरडायला लागले, "अबे, तिकडे कमी पडून राह्यल्या, अजून आना!"

गाठी वाहत कोण होतं? माझीच टीम. हमाल तेच आणि खेळाडूही तेच! पण त्या वेळी माझ्या डोक्यात हे शिरेल तर शपथ.

तीन वाजेपर्यंत मैदानाच्या चारही बाजूंना पायऱ्या. बायकांची बाजू वेगळी. बंड्या मागे एका ओळीत, बैलांची तोंडं एकाच दिशेला. पाण्याचे रांजण कोपऱ्यांत. पानठेल्याचा टप मोकळा. आणि कडुनिंबावरची पोट्टी? तीही मीच उतरवली! एक बोला, दो बोला, खाली! ज्या झाडावरच्या पोट्ट्यांसाठी भाऊसाहेबांनी सामना ठेवला, ते झाड मी रिकामं केलं.

चारला जीप आली. पुढे साहेब, मागे भाऊसाहेब आणि गुलाबराव. भाऊसाहेब उतरले, त्यांनी मैदानाकडे पाहिलं आणि जीपचा दांडा धरला. मला वाटलं, अभिमानानं ऊर भरून आला असावा.

साहेब पुणेरी, नाकावर चष्मा, हातात वही. "अरे वा! काय सुरेख व्यवस्था आहे हो! ही कल्पना कुणाची?"

साहेबांच्या मागून भाऊसाहेब दोन्ही हात हलवून राहिले होते. मला वाटलं, सांग म्हणतात. मी टाचा जुळवल्या.

"माझी, साहेब!"

"पूर्वी काय होतं इथे?"

"काहीच नव्हतं, साहेब! आज दुपारीच केलं!"

"एवढ्यात? कमाल आहे! आणि काढायला किती वेळ?"

भाऊसाहेबांनी कपाळावर हात मारला. मला वाटलं, डास. "दिवस मावळायच्या आत मैदान साफ, साहेब! पुन्हा सामना आला की पुन्हा मांडायचं!"

"पण दर वेळी इतक्या गाठी मिळतील?"

आता हा प्रश्न अकोल्याच्या माणसाला विचारायचा असतो काय हो? माझ्यातला अकोलेकर पेटून उठला. "साहेब! हे अकोला आहे! कापसाला काय तोटा? म्हणाल तर याच्या दुप्पट माणूस बसवून दाखवतो!"

साहेबांनी टेप काढला. पायऱ्यांची उंची मोजली. टेपचं दुसरं टोक कोणी धरलं? मीच! साहेबांनी सगळं वहीत उतरवलं, चित्र काढलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. गुलाबराव तर जवळ येऊन गळ्यातच पडले. "मास्तर, बारा मह्यने बोंबलून मले जे जमलं नाही, थे तुमी एका दुपारात केलं!"

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा कुठेतरी टिंग् वाजलं. पण सामना सुरू झाला होता.

सामन्याचं काय सांगू? अमरावतीचे गडी रेल्वेनं आरामात येऊन पेरू खात बसलेले. आमच्यांचे हात गाठी उचलून उचलून खांद्याच्या वर जाईनात. श्रावण चढाईला गेला, एकाला धरायला हात लांबवला, तो तिथेच लोंबकळत राहिला. हरलो. सडकून हरलो. प्रेक्षकांना मात्र प्रत्येक चूक स्वच्छ दिसली.

महिन्याभरानं अहवाल आला. भाऊसाहेबांनी सभेत वाचायला घेतला आणि अर्ध्यात खाली ठेवला. लिहिलं होतं, अकोल्यात प्रेक्षकांच्या बैठकीची सोय स्थानिक साधनांतून उत्कृष्ट होते, सबब स्टेडियमची आवश्यकता दिसत नाही. गुलाबराव उठले आणि "विषय खतम!" म्हणून बसले. अमरावतीतही असाच सामना ठेवला होता म्हणे. पण तिथे ड्रिल मास्तर नव्हता. लोक एका पडक्या भिंतीवर चढले आणि भिंत साहेबांच्या खुर्चीमागेच कोसळली. कोणाला लागलं नाही, पण साहेबांचा चष्मा गर्दीत गेला तो गेलाच. त्यांनी चाचपडत तिथल्या तिथे मंजुरीची शिफारस लिहिली!

मला श्रावणसमोर जायची लाज वाटत होती. खडे, काचा, काटे, सगळं त्याच्या नशिबी तसंच राहिलं, आणि माझ्यामुळे! शेवटी गेलो. म्हटलं, "श्रावण, दोन शिव्या दे बाबा, म्हणजे मला झोप लागेल."

तो गुडघ्याला हळद लावत बसला होता. "जाऊ द्या ना, मास्तर. माह्या बुढ्यानं बसून पाह्यलं ना मले! आता रोज म्हणते, तू पाय उशिरा काढतं म्हणून. थे एक डोक्याले काम झालं." आणि हसला. शिव्या परवडल्या असत्या हो.

इथे तरी मी थांबावं की नाही? पण अमरावतीहून पत्र आलं. स्टेडियमची कोनशिला बसवायची आहे, समारंभाची बैठकव्यवस्था आपणच करावी, साहेबांचा खास आग्रह आहे.

बायको म्हणाली, "जासान तर याद राखजा! लाज नाही काय?"

मी म्हटलं, "सरकारी काम आहे." खोटं! मला कोणीतरी चांगलं म्हटलं होतं, म्हणून गेलो.

व्यवस्था अशी केली की सुतळी लावून पाहावं. शेवटचा माणूस बसला, शेवटची सतरंजी भरली. आणि मग लक्षात आलं, सगळ्यांना बसवण्याच्या नादात स्वतःला जागाच ठेवली नाही. उभा राहिलो कडेला, उन्हात. एक तास. दीड तास. घामानं सदरा पाठीला चिकटला.

साहेब भाषणाला उठले. बोलता बोलता माझ्याकडे लांबून नजर गेली. नवा चष्मा अजून सरावला नसावा, ओळखलं नाही. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"लोक विचारतात, स्टेडियम अमरावतीलाच का? ते पाहा, ते गृहस्थ! बिचारे दीड तास उन्हात ताटकळत आहेत! या गावात माणसाला बसायला जागा नाही, याला आणखी पुरावा कशाला हवा?"

अख्खी सभा माना वळवून माझ्याकडे पाहायला लागली. टाळ्यांचा कडकडाट! आणि मी काय केलं? टाचा जुळवल्या आणि सलाम ठोकला!